तुझ्या वाटणीचं ऊन

‘मी आळशी झालेय’ हे पालुपद आधी बंद कर गं. डिसेंबर लागला की सकाळी उठवत नाही, दुपारी चारला डोळे मिटायला लागतात, संध्याकाळी कारण नसताना रडू येतं, आणि रात्री पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. हे सगळं एकट्या तुलाच होतं असं तू धरून बसलीयस. सकाळच्या लेडीज डब्यात एकदा विषय काढून बघ, किती जणी माना डोलावतील ते.

तुझा दिवस मला पाठ आहे. पाचला उठून डबे, पाणी, पोरांचे युनिफॉर्म, आणि अंधारातच रिक्षाने पनवेल स्टेशन. सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास गाडीत, मग दिवसभर ट्यूबलाइटखाली, आणि परत उतरतेस तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागून गेलेले. खरं सांगू का, आपल्याकडचा दिवस काही फार लहान होत नाही. २१-२२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा पनवेलला जवळजवळ अकरा तास उजेड असतो. माझी मावसबहीण लंडनला आहे, तिच्याकडे त्या दिवशी आठ तासही भरत नाहीत. दुपारी चारला ती घरातले दिवे लावते. आपल्याकडे उजेड भरपूर आहे बघ, तो तुझ्या वाट्याला येत नाही एवढंच.

त्यात घड्याळाचीही भानगड आहे. आपल्या देशाची वेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या मानाने ३७-३८ मिनिटं उशिरा पोचतो. तुझा पाचचा गजर सूर्याच्या हिशेबाने साडेचारच्याही आधीचा असतो. आणि गंमत अशी की, सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होऊन जातो, साधारण सहाच्या सुमारास. पण सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढे पुढेच सरकत राहतो, पार सव्वासातपर्यंत. म्हणून नाताळ उलटला तरी पहाट काही सुधारत नाही असं तुला वाटतं, ते अगदी खरं आहे.

आता शरीरात काय होतं ते ऐक. मेंदूत एक घड्याळ असतं, आणि ते रोज सकाळी डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर जुळवलं जातं. सकाळचा लख्ख उजेड मिळाला की झोप आणणारं मेलाटोनिन ओसरतं आणि रात्री झोप कधी यायची याचाही हिशेब तिथेच लागतो. तो उजेड चुकला की घड्याळ मागे पडत जातं. मग सकाळी डोकं जड आणि रात्री झोप नाही, या दोन तक्रारी मुळात एकच. अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हिवाळ्यातल्या या उदासीचं रीतसर वर्णन केलं आणि उजेडाचा उपचार करून पाहिला. तिकडे आता सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसतात. माझ्या मावसबहिणीकडे तसला दिवा आहे. तू मागवायच्या भानगडीत पडू नकोस. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्सच्या पुढे जात नाही, आणि उन्हं वर आल्यावर उघड्यावर नुसत्या सावलीत उभी राहिलीस तरी त्याच्या कितीतरी पट उजेड फुकट मिळतो.

“ताई, मला वेळ कुठाय?” हे तू म्हणणारच. तुझ्या दिवसात नवीन काही घुसवायचं नाहीये गं. वाशी सोडून गाडी खाडीपुलावर आली की दोन्ही बाजूंनी आभाळ उघडं असतं. तेवढा वेळ मोबाईल पर्समध्ये टाक आणि खिडकीबाहेर बघ. सूर्याकडे रोखून नाही हं, नुसतं आभाळाकडे. सीएसएमटीला उतरल्यावर ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी करतेस ना, ती आधी बंद. तेव्हा चांगलं ऊन आलेलं असतं. चाल, आणि रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने चाल. गॉगल नको. दुपारी डबा संपला की गप्पा मारायच्या त्या खाली उतरून मार. सगळ्या मैत्रिणींना घेऊन उतर, म्हणजे तुला एकटीला अवघडल्यासारखं होणार नाही. एवढं रोज जमलं तरी आठवड्या-दोन आठवड्यांत सकाळ जरा हलकी वाटायला लागते.

रविवारची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी जरा दटावणार आहे. आठवडाभराची झोप भरून काढायची म्हणून तू दहापर्यंत लोळतेस, आणि त्याच रात्री बारा वाजले तरी टक्क जागी असतेस. सोमवार तिथेच बिघडतो. रविवारी तास-दीड तास जास्त झोप, त्याच्यापुढे नाही. उठलीस की गच्ची गाठ, नाहीतर वडाळे तलावाला एक फेरी मार. दुपारी डुलकी काढलीस तर वीस मिनिटांची, गजर लावून.

आणि निवडण-टिपण घरात बसून कशाला करायचं? मेथीची जुडी, मटार, वालाच्या शेंगा, सगळं सुपात घाल आणि वर ने. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला एक कट्टा आहे, तिथे साडेआठला ऊन येतं. मी तिथे पाठीवर ऊन घेत बसते, मांडीवर पेपर, पेपरवर मेथी. शेजारच्या काकू आपली जुडी घेऊन येतात. मेथी निवडून होते, चार गोष्टी बोलून होतात, आणि खाली उतरताना स्वयंपाकाचा कंटाळा बराच कमी झालेला असतो. तुझ्या बाल्कनीत ऊन येतं, पण तिथे तू कपड्यांचा स्टँड उभा केलायस. तो हलव आणि खुर्ची ठेव. एक मात्र लक्षात घे, काचेआडून येणारं ऊन मेंदूतल्या घड्याळाला चालतं, पण ड जीवनसत्त्वासाठी चालत नाही. त्यासाठी जरा वर आलेलं ऊन थेट कातडीवर लागतं.

आपल्या आज्यांचा धुंधुरमास आठवतो का? डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे सूर्योदय रोज पुढे पुढे सरकत असतो तो महिना. त्यात एखाद्या दिवशी तरी भल्या पहाटे आंघोळ करून सूर्य उगवताना जेवायचं, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी. मला ही चाल फार आवडते. या वर्षी एका रविवारी करच, आणि पान बाल्कनीत मांड.

संध्याकाळचं थोडक्यात सांगते. चारनंतर चहा नको. नऊनंतर हॉलची ट्यूब बंद करून पिवळा दिवा लाव. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेव, उशाशी नाही. गजराला साधं घड्याळ आण. मध्यरात्री जाग आली तर किती वाजले ते बघू नकोस, किती वेळ उरलाय हे मोजण्यातच उरलेली झोप उडते. आणि तिळाचे लाडू या वर्षी बाजारातून आण. मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नाची आमंत्रणं, पोरांचं गॅदरिंग, सगळं तूच एका हाताने ओढायचं असं कुणी सांगितलंय?

पण माणसं तोडू नकोस. अंधार पडला की घरात गोधडीत शिरून बसावंसं वाटतं, मला कळतं. तरी जानेवारीत कुणी पोपटीला बोलावलं तर नाही म्हणू नकोस. शेताच्या बांधावर जाळ, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा, हाताला चटका बसतो तरी कुणी थांबत नाही. तिथे दोन तास बसून आलीस की त्या रात्री झोप लागते.

आता एक गंभीर गोष्ट, ती कानाआड करू नकोस. सलग दोन आठवडे रोज मन काळवंडलेलं असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर उन्हावर भागवू नकोस. डॉक्टरकडे जा, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घे. थकव्याचं मूळ कितीदा तिथेच सापडतं. जगणंच नको असा विचार एकदाही डोकावला तर त्याच क्षणी घरात कुणाला तरी सांग, आणि १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. त्यात लाज कसली गं? दात दुखला तर जातेसच ना.

फेब्रुवारी संपता संपता सूर्य सातच्या आत उगवायला लागेल, तोवरचे हे आठवडे आहेत. येत्या रविवारपासून सकाळचा चहा आणि पोहे तुझ्या नवऱ्याकडे. त्याला कांदे कुठे असतात ते दाखव आणि तू मेथी घेऊन वर जा. त्याने कुरकुर केली तर माझ्याशी बोलायला सांग.