फरदडीचा लोभ नडतो

आमच्या कोरपना तालुक्यातला कास्तकार पाऊस, भाव आणि कर्ज यांवर तासन्‌तास बोलेल. पण कापूस कधी संपवायचा, हा विषय काढला की गप्प होतो. माझ्या मते आपलं निम्मं नुकसान तिथंच होतं.

2017 च्या खरिपात विदर्भभर गुलाबी बोंडअळीने कहर केला. आमच्या वावरात पहिला वेचा बरा निघाला. दुसऱ्या वेच्याला बायाच म्हणू लागल्या, "बोंडं फुटूनच नाही राहिले, भाऊ." वरून हिरवंगार, निरोगी दिसणारं एक बोंड फोडलं, तर दोन कप्पे काळे पडलेले, सरकी पोखरलेली आणि आत गुलाबी अळी. हाती आली ती कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस; तिला भाव कोण देणार? फवाऱ्यामागून फवारे झाले, बोंडं काही वाचली नाहीत. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात तर त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

फवारा का लागू पडत नाही, हे समजून घ्या. अंड्यातून निघालेली अळी लगेच कळीत किंवा बोंडात शिरते आणि मागचं छिद्र बुजून जातं. मग औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं? तिचं मुख्य अन्न कापूसच. डिसेंबरनंतर तो मिळाला नाही तर तिची साखळी तुटते. पण फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन कापूस उभाच ठेवला, की तिला मार्चपर्यंत आयतं जेवण मिळतं, आणि धुऱ्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग रचला की पुढच्या पेरणीपर्यंत आसरा.

बोंडअळीला रोखण्यासाठी आलेल्या बीटी बियाण्याच्या बाबतीतही आपण अशीच हयगय केली. पूर्वी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीचं 120 ग्रॅमचं पुडकं यायचं. ते वावराच्या कडेने लावायचं, म्हणजे तिथं वाढलेले साधे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी जुळतात आणि अळीची ताकद लवकर वाढत नाही. गावोगावी ती पुडकी घरातच पडून राहिली.

आता काय करावं, ते सांगतो.

पेरणीची घाई नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सरकी टोबू नका. मे महिन्यात ओलितावर लावलेल्या कापसाला फुलं लवकर येतात, आणि पहिल्या पतंगांना तीच हवी असतात.

एकट्या कापसावर वावर सोडू नका. मधून तुरीच्या ओळी घ्या, थोडे मूग-उडीद घ्या. दुसऱ्या वर्षी त्या वावरात सोयाबीन किंवा ज्वारी फिरवा.

पीक दीड महिन्याचं झालं की एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडकी दिसली, तरच फवारणीचा विचार करा. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसताच तोडून नष्ट करा.

सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवा, सकाळी गाळून त्यात साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण शंभर लिटर करा. रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर दोन-तीन औषधं एका पंपात मिसळू नका. तोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका.

आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा. किडकी बोंडं आधी वेचून जाळा, मग उरलेल्या पऱ्हाटीची यंत्राने कुट्टी करून जमिनीत गाडा. काळ्या मातीला तेवढाच सेंद्रिय आधार. ओलीत असेल तर तिथं उन्हाळी तीळ किंवा भुईमूग घ्या. फरदडीच्या दोन क्विंटल कवडीपेक्षा तो परवडतो.

हे काम एका घराचं नाही. शेजाऱ्याची फरदड उभी असेल तर तुमची मेहनत वाया जाते. पतंग धुरा ओलांडतोच. म्हणून ग्रामसभेत विषय घ्या, पऱ्हाटी काढायची तारीख ठरवा, कुट्टीचं यंत्र गावाने मिळून आणा. नव्या वर्षात गावच्या शिवारात कापसाचं एकही झाड उभं राहू देऊ नका.