तिशीनंतर डॉक्टर की डॉक्टरांचा सहायक?

प्रश्न : धरणगाव येथील, विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या 34 वर्षीय वाचकाने एमबीबीएस करावे की ‘फिजिशियन असिस्टंट’ व्हावे?

उत्तर : ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेची कमाल वयोमर्यादा 2022 मध्ये हटवली गेल्याने वयाचा अडसर उरलेला नाही, आणि जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत, मात्र साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील सक्तीचा अनुभवकाळ, यांच्या आधी खर्ची पडणारी नीटच्या तयारीची वर्षे बहुतेकांच्या हिशेबात येतच नाहीत. फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाचा पूर्वेतिहास नोंदवणारा व तपासणीस साहाय्य करणारा पदवीधर. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात या व्यवसायाचा समावेश असला, तरी त्याला डॉक्टरप्रमाणे स्वतंत्र दवाखाना चालवता येत नाही आणि अशा जागा मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत निघतात, म्हणून धरणगावातच राहू इच्छिणाऱ्यास हा पर्याय दिसतो तितका सोयीचा नाही.