खानदेश लुटणारा यशवंतराव

नरडाणा

चि. भाचीस,

तुझा निबंध वाचला. यशवंतराव होळकरांना 'दरोडेखोर' म्हणून तू मोकळी झालीस. आधार मात्र पक्का दिलास. १८०२-०३ मध्ये होळकरी फौजांनी खानदेश नागवला, पाठोपाठ दुष्काळ आला आणि गावंच्या गावं ओस पडली. इंग्रजांच्या गॅझेटिअरात आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. ही झळ आपल्याच मुलखाने सोसली आहे, तेव्हा तुझा राग मला मान्य.

पण फौज लुटीवर का जगत होती, हेही बघ. १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हाररावांना मारलं. १८०१ मध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावाने विठोजींना हत्तीच्या पायी दिलं. दोघेही यशवंतरावांचे भाऊ. हाती खजिना नाही, मुलूख धड ताब्यात नाही, आणि पदरी हजारोंची फौज. तिचा पगार खंडणीतून निघायचा. शिंद्यांचे लोक तरी दुसरं काय करत होते? एवढ्याने गुन्हा माफ होत नाही, हे मलाही कळतं.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती तुझ्या निबंधात नाही. १८०३ मध्ये असईला आणि लासवारीला शिंद्यांची फौज इंग्रजांनी मोडली, तेव्हा हा माणूस बाजूला बसून राहिला. वैर खरं होतं, पण त्या वर्षी ते गिळायला हवं होतं. त्याची खरी चूक ती.

आता पुढचं साल घे. १८०४ च्या पावसाळ्यात इंग्रजांचा कर्नल मॉन्सन मुकुंदऱ्याच्या घाटातून मागे फिरला. नद्यांना पूर, पाठीवर होळकरांचे घोडेस्वार. तोफा चिखलात रुतल्या, त्या निकामी करून टाकून द्याव्या लागल्या. ऑगस्टअखेर उरलेली पलटण कशीबशी आग्र्याला पोहोचली. ऑक्टोबरात यशवंतरावांनी दिल्लीला वेढा घातला. तो फसला, डीग आणि फर्रुखाबादला मारही खाल्ला. पण नंतर भरतपूरच्या जाटांनी त्यांना आसरा दिला आणि जनरल लेकचे चार हल्ले त्या तटावरून परतले. शिंदे-भोसल्यांनी तह करून टाकले असताना हा एकटा लढत होता. या लढाईच्या खर्चाने कंपनी टेकीला आली, गव्हर्नर जनरल वेलस्लीला परत बोलावलं गेलं आणि १८०५ च्या डिसेंबरात राजघाटच्या तहात होळकरांना बराच मुलूख परत मिळाला.

त्यानंतर यशवंतरावांनी भानपुऱ्यात तोफा ओतण्याचा ध्यास घेतला, मग डोकं फिरलं, आणि १८११ मध्ये पस्तिशीच्या आतच गेले.

आपल्याकडे हार घालणारे आणि चिखल फेकणारे दोघेही सारख्याच घाईत असतात. तू दोघांच्याही नादी लागू नकोस. सुट्टीत ये. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊ, मग तुला तापीकाठी थाळनेरचा किल्ला दाखवतो. फेब्रुवारी १८१८ मध्ये तिथल्या होळकरी किल्लेदाराला जनरल हिस्लॉपने फाशी दिली. त्याची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटात झाली. आपल्या शाळांत मात्र कुणी त्याचं नाव काढत नाही.

तोवर निबंधाचं शीर्षक बदल. खानदेशची लूट आहे तशीच ठेव, एक अक्षरही सौम्य करू नकोस. फक्त तिच्या शेजारी मॉन्सनची माघार लिही.

तुझा
मामा