सेवेचे तास आणि अभ्यासाचे तास
(द्वितीय वर्ष, कला)

नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून आपल्या अभ्यासक्रमात ‘समुदाय सहभाग’ आणि ‘क्षेत्र प्रकल्प’ हे शब्द रुळले आहेत. या कामाला आता श्रेयांकही आहेत. विद्यार्थ्यांच्या घोळक्यात मात्र त्याविषयी दोनच प्रश्न ऐकू येतात : तास किती भरायचे आणि फाईल कधी द्यायची? असे विचारणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परीक्षेच्या जगात वाढलेला विद्यार्थी हेच विचारणार. परंतु मला एक तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या तासांत आपण शिकतो काय, आणि ज्यांच्या दारात आपण जाऊन उभे राहतो त्यांच्या पदरात पडते काय? या प्रश्नाचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने काम करता करता शिकावे, हा नयी तालीमचा विचार तेथे मांडला गेला आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याची योजना तयार केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा व शिका’ या मार्गाने गरिबांच्या मुलांना शिकण्याची वाट मोकळी करून दिली. विद्यापीठांच्या बाबतीत, स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रीय सेवेचा पुरस्कार केला. १९५९ मध्ये नेमलेल्या डॉ. चिंतामणराव देशमुखांच्या समितीने ही सेवा सक्तीची असावी असे सुचविले. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

या योजनेने लाखो विद्यार्थ्यांना वेशीच्या आत नेले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र ही सेवा अनेक वर्षे अभ्यासक्रमाच्या बाहेरच राहिली. सकाळी अर्थशास्त्राचा तास आणि दुपारी गावात श्रमदान. एकाची दुसऱ्याशी ओळख नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ही भिंत पाडावयाचे ठरविले आहे. आठवड्यास दोन तास याप्रमाणे पंधरा आठवड्यांचे तीस तास क्षेत्रीय काम म्हणजे एक श्रेयांक, असा हिशेब आहे. भिंत कागदावर पडली खरी. ती वर्गात पडली की नाही, हे आपल्यावर अवलंबून आहे.

अमेरिकेत रॉबर्ट सिगमन आणि विल्यम रॅम्से यांनी १९६७ च्या सुमारास अशा शिक्षणासाठी ‘सर्व्हिस-लर्निंग’ असा जोडशब्द वापरला. मराठीत आपण त्याला सेवाध्ययन म्हणू. त्यातील मर्म त्या जोडणीत आहे. केवळ गाव झाडणे ही सेवा झाली. केवळ गावाची पाहणी करून तक्ते भरणे हा अभ्यास झाला. सेवाध्ययनात तीन पायऱ्या लागतात : आधी वर्गात तयारी, मग गावकऱ्यांना हवे असलेले काम, आणि नंतर त्या कामावर पुन्हा वर्गात विचार. यातील तिसरी पायरी आपल्याकडे बहुधा गळते.

शिबिरात सर्वत्र खणला जाणारा शोषखड्डा घ्या. चार मुले एका दिवसात खड्डा खणतात, दगड-विटांचे तुकडे आणि वाळू भरतात, फोटो निघतो आणि काम संपते. पण भूगोलाच्या विद्यार्थ्याने विचारावे की, काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही, मग येथे खड्डा किती मोठा हवा? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावे की, सांडपाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची असताना हा प्रश्न ग्रामसभेत कधी आला होता काय? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने खर्च मांडावा. सहा महिन्यांनी जाऊन खड्डा तुंबला की चालू आहे, हेही पाहावे. खड्डा तोच, पण आता तो अभ्यासक्रमात आला.

येथे मला माझ्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझे आईवडील शेतमजुरी करतात. सर्वेक्षणाचे कागद घेऊन विद्यार्थी ज्या वस्तीत येतात, तशाच वस्तीत माझे घर आहे. म्हणून या प्रकाराची दुसरी बाजू मी पाहिली आहे. शिक्षण किती? काही नाही. शेती किती? नाही. शौचालय आहे का? कर्ज आहे का? माणसे हातातले काम टाकून उत्तरे देतात. पाहुणे म्हणून चहा करतात. पुढे त्या कागदांचे काय झाले, ते त्यांना कोणी सांगत नाही. माझी आई एकदा म्हणाली, “पोरं चांगली होती गं, पण आमच्याजवळ काय काय नाही तेवढंच लिहून नेलं.”

तिचे हे वाक्य मला या विषयावरील मोठी टीका वाटते. आपली प्रश्नावली माणसांजवळ काय नाही ते मोजते. त्यांना काय येते, हा रकानाच तिच्यात नसतो. माझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या मनावर याचा वेगळाच परिणाम होतो. ज्ञान कॉलेजात असते आणि घरी फक्त अडचणी असतात, असे त्याला वाटू लागते. तो शिकतो, पण घरापासून दुरावतो. आपल्या महाविद्यालयात अशा घरांतून आलेले कितीतरी विद्यार्थी आहेत. सेवाध्ययन त्यांना घराशी जोडू शकते, किंवा त्यांच्याच घराकडे परक्या नजरेने पाहावयास शिकवू शकते. कोणते ते, आपण विषय कसा शिकवतो यावर ठरेल.

घरात काय ज्ञान असते, याचे एक उदाहरण देते. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामे निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला हाच अनुभव उपयोगी पडला. परीक्षेला एवढे पुरते. माझी आजी तेव्हा ऐन तारुण्यात होती आणि खडी फोडायला जात होती. तिला सुकडी आठवते, लाल मिलोच्या भाकरी आठवतात. मजुरी ब्रासच्या मापावर मिळे. खडीचा ढीग सैल रचला तर तो मापात जास्त भरतो, आणि मुकादमाला हे ठाऊक असल्यामुळे तो ढीग दाबून मोजायला लावी, असे ती हसत सांगते. रोजंदारी आणि कामाच्या मापावरची मजुरी यांतील फरक मला पुस्तकात समजला नव्हता. तो अंगठा उठविणाऱ्या आजीने दोन वाक्यांत समजावला.

आता असा प्रकल्प दोन श्रेयांकांचा, म्हणजे साठ तासांचा करता येईल. दहा तास वर्गात दुष्काळाची आणि योजनेची माहिती, प्रश्न कसे विचारावे याचा सराव. तीस तास वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी ऐकून लिहून घेणे. त्याच वेळी त्यांचे निराधार अनुदानाचे किंवा अन्य रखडलेले अर्ज भरून देणे. बारा तास त्या आठवणी पुस्तकाशी ताडून लेखन. उरलेले आठ तास सर्वांत महत्त्वाचे : ते लेखन गावात, सांगणाऱ्यांच्या समोर, मोठ्याने वाचून दाखविणे, दुरुस्त्या घेणे आणि एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवणे.

परत देण्याचा हा विचार स्वप्नाळू नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या सहभागाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळाने सर्वांसाठी प्रसिद्ध करावयास घेतल्या. तेथे बाई ही ‘उत्तरदाती क्रमांक अमुक’ राहत नाही. ती आपल्या ओवीची धनीण राहते.

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. सक्तीने सेवा होईल काय? सक्तीने मन तयार होत नाही. पण सक्तीने इतिहासही शिकतातच, आणि एखाद्याला त्याची गोडी लागते. सुट्टीच्या दिवशी मजुरीस जाणाऱ्या विद्यार्थ्याने साठ तास कोठून आणावेत? त्याला स्वतःच्याच गावात, स्वतःच्या सोयीने काम करण्याची मुभा हवी. शेवटची एस.टी. गाठावी लागणाऱ्या मुलींसाठीही हीच सोय हवी. एका प्राध्यापकांकडे शेकडो फायली आल्या तर ते वाचणार काय? म्हणून फायली कमी आणि चर्चा जास्त हवी. पाच-सहा जणांच्या गटाने एकच अहवाल द्यावा, आणि गुण फोटोंना न देता तिसऱ्या पायरीला, म्हणजे विचाराला द्यावेत.

गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की, गावातून परतल्यावर आम्हाला एक तास वर्गात बसवून विचारावे : काय पाहिले, पुस्तकाशी काय जुळले, काय जुळले नाही? आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी प्रश्नावली तयार करताना शेवटी एक रकाना वाढवा : ‘आपल्याला काय चांगले येते?’ तो रकाना भरून घेण्यास वेळ लागेल, चहा दोनदा होईल. पण आपल्या साठ तासांतील खरा अभ्यास बहुधा तेथूनच सुरू होईल.