कंपनीचे नाव ठरविण्यापूर्वी : उपलब्धतेची पडताळणी

कर्नाटक सहकारी दूध उत्पादक महासंघाने १९८५ मध्ये दूध व दुग्धजन्य पदार्थांसाठी 'नंदिनी' हे नाव स्वीकारले. बेंगळुरूतील एका उपाहारगृह व्यवसायाने १९८९ पासून तेच नाव, रोमन लिपीत केवळ एका 'एच' अक्षराची भर घालून, वापरण्यास प्रारंभ केला. पुढे 'नंदिनी डिलक्स' या उपाहारगृहाने व्यापारचिन्ह नोंदणीसाठी अर्ज केला व महासंघाने त्यास हरकत घेतली. निबंधक कार्यालयाने हरकत फेटाळली. बौद्धिक संपदा अपील मंडळाने तो निर्णय फिरविला. कर्नाटक उच्च न्यायालयाने मंडळाचा निर्णय कायम ठेवला. अखेर जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहाच्या बाजूने निकाल दिला. नंदिनी हे पुराणातील गायीचे व देवतेचे सर्वपरिचित नाव आहे, दोन्ही पक्षांच्या वस्तू भिन्न आहेत आणि एका वर्गात नोंदणी केली म्हणून त्या वर्गातील सर्व वस्तूंवर कोणासही मक्तेदारी सांगता येत नाही, असा या निकालाचा आशय होता. मात्र दूध व दुग्धजन्य पदार्थ उपाहारगृहाच्या नोंदणीतून वगळण्यात आले.

निकाल कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो लागेपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागल्या, हे विस्तार कार्यकर्त्यांनी ध्यानात घेतले पाहिजे. तालुका पातळीवरील शेतकरी उत्पादक कंपनीला चार स्तरांवर लढणे परवडणारे नाही. ट्रायकोडर्मा, बव्हेरिया, मेटारायझियम यांसारख्या जैविक घटकांचे उत्पादन करू इच्छिणाऱ्या गटांच्या बाबतीत जोखीम अधिकच वाढते. कीटकनाशक कायदा १९६८ अन्वये मिळणारे नोंदणी प्रमाणपत्र, राज्य शासनाचा उत्पादन परवाना, लेबल आणि माहितीपत्रक या सर्वांवर कंपनीचे नाव असते. नाव बदलावे लागले तर हे सर्व कागद पुन्हा दुरुस्त करून घ्यावे लागतात आणि छापलेल्या पिशव्या वाया जातात. ऐन हंगामात असे घडल्यास त्या वर्षीची विक्रीच बुडते.

कीटकशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. नव्या प्रजातीला नाव देण्यापूर्वी ते आधी कोणा प्राण्याला दिले गेले आहे काय, हे तपासावेच लागते. ऑस्ट्रेलियातील चोच असलेल्या सस्तन प्राण्यास शॉ यांनी १७९९ मध्ये प्लॅटिपस हे प्रजातिनाम दिले. परंतु हर्बस्ट यांनी १७९३ मध्येच ते लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याला दिलेले होते. नाव भुंगेऱ्याकडेच राहिले आणि त्या सस्तन प्राण्याला शास्त्रीय परिभाषेत ऑर्निथोरिंकस व्हावे लागले. बोलीत तो आजही प्लॅटिपसच आहे. उलट पिएरिस हे नाव कोबीवरील फुलपाखराच्या प्रजातीला आहे आणि एका शोभेच्या झुडपालाही आहे. प्राणी व वनस्पती यांच्या नोंदवह्या स्वतंत्र असल्याने तेथे वाद उद्भवत नाही.

कंपनीच्या नावासही अशाच दोन स्वतंत्र नोंदवह्या आहेत, आणि बहुतेक गट पहिली पाहून थांबतात. पहिली म्हणजे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाची कंपन्या व मर्यादित दायित्व भागीदारी संस्था यांची नोंदवही. दुसरी म्हणजे व्यापारचिन्हांची. पहिल्या नोंदवहीत नाव मोकळे असले तरी दुसऱ्या नोंदवहीत ते कोणाचे तरी असू शकते.

पहिल्या नोंदवहीत 'तंतोतंत तेच नाव नाही' एवढे पुरत नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत प्रजातिनामात एका अक्षराचा फरक असला तरी नाव वेगळे मानले जाते. कंपनी कायदा इतका उदार नाही. कंपनी स्थापना नियम २०१४ मधील नियम ८ नुसार एकवचन-अनेकवचन, अक्षरांमधील अंतर, विरामचिन्हे, शब्दांचा क्रम, उच्चार कायम ठेवून बदललेले वर्णलेखन, आकड्यांची भर, हिंदी वा इंग्रजीतील संपूर्ण भाषांतर यांपैकी कोणत्याही फरकाने नाव वेगळे ठरत नाही. समजा, 'भूमिपुत्र अ‍ॅग्रो' नावाची कंपनी आधीच आहे. मग 'अ‍ॅग्रो भूमिपुत्र' चालणार नाही, आणि नुसते गावाचे नाव जोडून 'भूमिपुत्र अ‍ॅग्रो सातारा' असे केल्यानेही काम भागणार नाही. मराठी शब्द रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिता येतात. भूमि या शब्दातील 'भू' एकाच रीतीने टंकून शोध घेतला तर अर्धा शोध हुकतो, म्हणून प्रत्येक वर्णलेखन स्वतंत्रपणे तपासावे. बंद पडलेल्या कंपनीचे नाव रिकामे झाले असेल, हा समजही फसवा आहे. कलम २४८ खाली नोंदवहीतून काढलेल्या कंपनीचे नाव राजपत्रातील प्रसिद्धीपासून २० वर्षे इतरांना मिळत नाही. 'राष्ट्रीय', 'मंडळ', 'आयोग', 'प्राधिकरण' या अर्थाच्या शब्दांना शासनाची पूर्वमान्यता लागते. गटांना असे भारदस्त शब्द आवडतात. ते टाळलेले बरे.

व्यापारचिन्हांचा शोध संबंधित संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. शब्दशोधाबरोबर उच्चारसाम्याचा शोधही घ्यावा. शोध वर्गनिहाय असतो. जैविक खते वर्ग १ मध्ये, कीडनाशके व बुरशीनाशके वर्ग ५ मध्ये, बियाणे, धान्य व ताजी फळे-भाज्या वर्ग ३१ मध्ये आणि प्रक्रिया केलेले अन्नपदार्थ मुख्यतः वर्ग २९ व ३० मध्ये येतात. आज ट्रायकोडर्मा विकणारी कंपनी उद्या हळद पूड विकणार असेल, तर ते वर्गही आताच पाहावेत. नोंदणी झालेलीच नव्हे, तर अर्ज प्रलंबित असलेली चिन्हेही आडवी येतात.

हे न पाहिल्यास काय होते, ते कलम १६ मध्ये आहे. नोंदणीकृत व्यापारचिन्हाच्या मालकाने कंपनी स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज केल्यास नाव बदलण्याचा आदेश निघू शकतो आणि त्याचे पालन तीन महिन्यांत करावे लागते. न केल्यास १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियम ३३अ नुसार कंपनीचे जुने नाव जाऊन 'ओआरडीएनसी' ही अक्षरे, आदेशाचे वर्ष, अनुक्रमांक व कंपनीचा ओळख क्रमांक हेच तिचे नाव होते. ही अक्षरे म्हणजे 'प्रादेशिक संचालकांच्या आदेशाचे पालन झाले नाही' या इंग्रजी शब्दांचे लघुरूप. अशा नावाच्या पिशवीतून जैविक कीडनाशक कोण विकत घेईल?

नावाचा अर्ज 'स्पाइस प्लस' या प्रपत्राच्या 'अ' भागात ऑनलाइन करावा लागतो. शुल्क १,००० रुपये असून पसंतीक्रमाने दोन नावे देता येतात. छाननी हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होते, त्यामुळे अर्ज बेंगळुरूचा असो वा बीडचा, कसोटी एकच. शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाअखेरीस 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' हे शब्द अनिवार्य आहेत. साम्य मात्र त्यांच्या आधीच्या शब्दांवरूनच ठरते.

मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. जादा शुल्क भरून ही मुदत एकूण ६० दिवसांपर्यंत वाढविता येते. म्हणून किमान १० उत्पादक सभासदांची कागदपत्रे, संचालकांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या जागेचा पुरावा हाती आल्यावरच नावाचा अर्ज करावा. कंपनी स्थापन होताच, लेबलचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी, व्यापारचिन्हाचा अर्जही दाखल करावा. लघुउद्योग म्हणून नोंद असल्यास त्याचे ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, अन्यथा ९,००० रुपये आहे. नोंदणी १० वर्षे टिकते व नंतर नूतनीकरण करता येते.