स्वतंत्र कलावंत आणि आरोग्य विमा : ग्वाल्हेरच्या निमित्ताने एक अभ्यास

ग्वाल्हेर हे नाव उच्चारताच ख्यालगायकीचे स्मरण होते. हद्दूखाँ व हस्सूखाँ यांनी या नगरीत ज्या गायकीला रूप दिले, तीच पुढे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या द्वारे महाराष्ट्रात पोहोचली. कृष्णराव शंकर पंडित यांनी 1914 मध्ये येथे संगीत विद्यालय स्थापन केले, आणि 1918 मध्ये पंडित भातखंडे यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालय सुरू झाले. तानसेनाच्या समाधीपाशी दरवर्षी भरणाऱ्या समारोहाचा प्रारंभ आजही हरिकथा व मीलाद यांनी होतो. लष्कर भागातील अनेक मराठी घराण्यांत गायन, वादन व कीर्तन ही केवळ हौस राहिलेली नसून पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे.

या उपजीविकेचा आधार मात्र काळानुसार बदलला आहे. संस्थानी काळात दरबारी कलावंतास वेतन मिळे, आणि आजारपणात आश्रयदात्याकडे पाहण्याची सोय असे. 1948 मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि ती व्यवस्था इतिहासजमा झाली. आजचा कलावंत मैफलीची बिदागी, शिकवण्या, आकाशवाणीचे कार्यक्रम व उत्सवांतील कीर्तने यांवर संसार चालवितो. त्याला मालक नाही, रजा नाही आणि ठरलेला पगारही नाही. नोकरदार मनुष्य आजारी पडला तर त्याचा खर्च वाढतो. कलावंत आजारी पडला तर खर्च वाढतो आणि त्याच दिवसापासून मिळकतही थांबते. गायकाचा घसा किंवा तबलावादकाचे मनगट यांना झालेला विकार हा शरीराचा तसाच व्यवसायाचाही आजार असतो. म्हणूनच परवडेल असा आरोग्य विमा शोधणे हा या वर्गापुढील एक गंभीर प्रश्न आहे. त्याची क्रमवार मांडणी येथे करण्याचे योजिले आहे.

नोकरीशी जोडलेले संरक्षण

आपल्या देशात वैद्यकीय संरक्षणाची पहिली मोठी व्यवस्था नोकरीशी जोडली गेली. 1948 च्या कायद्याने सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना मालक व कामगार या दोहोंच्या वर्गणीवर उभी आहे. जेथे मालकच नाही तेथे ती पोहोचू शकत नाही. चित्रपट व्यवसायातील कामगारांसाठी 1981 मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. परंतु बैठकीत गाणारा गायक किंवा मंदिरात उभा राहणारा कीर्तनकार त्याच्या व्याख्येत बसत नव्हता.

सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण 1 जानेवारी 1973 पासून अंमलात आले. सरकारी विमा कंपन्यांनी 1986 मध्ये ‘मेडिक्लेम’ पॉलिसी आणली, तेव्हा स्वतंत्र व्यावसायिकास स्वतः हप्ता भरून रुग्णालयाच्या खर्चाचा विमा घेण्याचा मार्ग प्रथमच व्यापक प्रमाणावर खुला झाला. त्यानंतर 2008 मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी वार्षिक 30,000 रुपयांची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, आणि 2018 मध्ये तिची जागा आयुष्मान भारत योजनेने घेतली. थोडक्यात, कलावंतापुढे आज दोन मुख्य मार्ग आहेत : पात्रता असल्यास शासकीय योजना, अन्यथा स्वतः घेतलेली पॉलिसी.

प्रथम पात्रता तपासावी

हप्त्याची चौकशी करण्यापूर्वी कुटुंब शासकीय योजनेस पात्र आहे किंवा नाही हे पाहणे इष्ट होय. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास दरवर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार हप्त्याविना मिळतात. कुटुंबातील व्यक्तींच्या संख्येवर मर्यादा नाही आणि पूर्वीपासून असलेले आजारही पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. मूळ पात्रता 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून ठरविण्यात आली होती. मध्य प्रदेशात त्याखेरीज संबल योजनेत नोंद असलेली व अन्नसुरक्षा योजनेची पात्रता पर्ची असलेली कुटुंबेही तीत समाविष्ट करण्यात आली. स्वतःला गरीब म्हणवून घेण्याच्या संकोचाने काही कलावंत अशी नोंदणी टाळतात. हा संकोच महागात पडणारा आहे.

वयोवृद्ध कलावंतांसाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असले तरी, या योजनेचे वेगळे कार्ड मिळू शकते. वयाची खातरजमा आधार कार्डावरून होते. ज्या घरी वृद्ध गुरू व त्यांच्या पत्नी आहेत, त्या घरातील शिष्यांनी हे कार्ड काढून देणे हीदेखील एक प्रकारची गुरुदक्षिणाच होय.

येथे तीन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला, ई-श्रम नोंदणी म्हणजे आरोग्य विमा नव्हे. तिच्यामुळे असंघटित श्रमिक म्हणून ओळख क्रमांक मिळतो, परंतु केवळ त्या क्रमांकावर रुग्णालयाचे बिल चुकते होत नाही. दुसरा, वार्षिक 20 रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू व अपंगत्व यांसाठी आहे. तापाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या खर्चाशी तिचा संबंध नाही. तिसरा, आयुष्मान कार्डावर बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची तपासणी व औषधे सामान्यतः मिळत नाहीत. ते संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे.

मधला वर्ग व स्वतःची पॉलिसी

खरी अडचण मधल्या वर्गाची आहे. उदाहरणादाखल 58 वर्षे वयाच्या एका तबलावादकाचे कुटुंब घ्यावे. पत्नी 52 वर्षांची, मुलगी शिकणारी. त्यांची कोणत्याही योजनेत नोंद नाही, वय 70 च्या आत आहे, आणि वादकास काही वर्षांपासून मधुमेह आहे. अशा कुटुंबास बाजारातूनच विमा घ्यावा लागतो.

त्यांच्यासाठी विचारात घेण्याजोगी एक पॉलिसी म्हणजे ‘आरोग्य संजीवनी’. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार एप्रिल 2020 पासून ही प्रमाणित पॉलिसी कंपन्यांनी उपलब्ध करून दिली. कंपनी कोणतीही असो, तिच्या मुख्य अटी सारख्याच असतात. भेद राहतो तो हप्त्याचा व सेवेचा. त्यामुळे सामान्य ग्राहकास दोन कंपन्यांची तुलना करणे सोपे जाते. हप्ता मासिक, त्रैमासिक अथवा सहामाही भरण्याची सोय असल्याने, ज्याची मिळकत उत्सवांच्या व लग्नसराईच्या हंगामावर अवलंबून आहे त्यास ती उपयुक्त ठरते. मात्र हंगाम संपल्यावर हप्ता चुकू नये म्हणून, शक्य असल्यास, कमाईच्या महिन्यांतच वर्षाचा हप्ता भरून मोकळे व्हावे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला असल्याने हप्त्याचा भारही काहीसा हलका झाला आहे.

संपूर्ण कुटुंबासाठी एकच पॉलिसी घेतल्यास तिचा हप्ता बहुधा सर्वांत वडील व्यक्तीच्या वयावरून ठरतो. वरील उदाहरणात वादकाची पॉलिसी स्वतंत्र व पत्नी-मुलीची स्वतंत्र, असेही दर मागवून पाहावेत. दोन्ही बेरजा कागदावर मांडल्याखेरीज स्वस्त काय हे कळत नाही.

हप्त्याहून अटी महत्त्वाच्या

कमी हप्ता म्हणजे स्वस्त विमा, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. आरोग्य संजीवनीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 2 टक्के, व जास्तीत जास्त दररोज 5,000 रुपये इतकी असते. शिवाय मान्य झालेल्या दाव्यातील 5 टक्के वाटा विमेदाराने स्वतः सोसावयाचा असतो. याचा परिणाम पुढील हिशेबावरून ध्यानात येईल.

समजा, विमा रक्कम 2 लाख रुपये आहे. अर्थात खोलीभाड्याची मर्यादा दररोज 4,000 रुपये झाली. रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेऊन 5 दिवस मुक्काम केला. खोलीभाडे 30,000 रुपये, शस्त्रक्रिया व डॉक्टरांची फी 60,000 रुपये आणि औषधे व साहित्य 30,000 रुपये, असे एकूण बिल 1,20,000 रुपये झाले. कंपनी खोलीभाड्यापोटी 20,000 रुपयेच मान्य करील. शिवाय मोठ्या खोलीमुळे शस्त्रक्रिया व फी यांचा खर्चही 6,000 ला 4,000 या प्रमाणात घटवून 40,000 रुपये धरला जाईल. औषधांचे 30,000 रुपये पूर्ण धरले जातील. मान्य रक्कम 90,000 रुपये. त्यातून 5 टक्के म्हणजे 4,500 रुपये वजा जाता 85,500 रुपये मिळतील. रुग्णाच्या पदरचे 34,500 रुपये जातील. त्याच रुग्णाने 4,000 रुपयांची खोली घेतली असती व इतर खर्च तेवढाच आला असता, तर 1,10,000 रुपयांच्या बिलात त्याचा वाटा केवळ 5,500 रुपये पडला असता. दिवसाला 2,000 रुपये अधिक भाड्याची खोली अखेरीस 29,000 रुपयांना पडली. रुग्णालयात प्रवेश घेतानाच खोलीची मर्यादा विचारावी, ती याकरिता.

प्रतीक्षा कालावधी आणि सत्यकथन

पॉलिसी घेतल्यानंतर पहिले 30 दिवस, अपघात वगळता, आजाराचा खर्च मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ठराविक शस्त्रक्रियांसाठी सामान्यतः दोन वर्षे थांबावे लागते. पूर्वीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी 2024 च्या नियमांनुसार 36 महिन्यांहून अधिक असू शकत नाही. पूर्वी ही मर्यादा 48 महिने होती. वरील तबलावादकाने आज पॉलिसी घेतल्यास मधुमेहाशी संबंधित उपचारांचे संरक्षण त्याला वयाच्या 61 व्या वर्षापर्यंत निश्चित मिळू लागेल. दोन वर्षे चालढकल केल्यास तेच 63 व्या वर्षावर जाईल. विमा तरुणपणी, प्रकृती ठणठणीत असताना घ्यावा, या उपदेशामागील व्यवहार हाच आहे.

अर्जात मधुमेह किंवा रक्तदाब लपविण्याचा मोह कित्येकांना होतो. एजंटाने तसे सुचविले तरी तो टाळावा. लपविलेला आजार रुग्णालयाच्या जुन्या कागदांतून उघड होतो आणि ऐन गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर कंपनीस माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. परंतु सिद्ध झालेल्या फसवणुकीस हा आश्रय नाही. पॉलिसी हाती आल्यानंतर 30 दिवसांत ती वाचून, अटी मान्य नसल्यास परत करण्याचा अधिकार ग्राहकास आहे. हे 30 दिवस कागद कपाटात ठेवण्यासाठी दिलेले नसून वाचण्यासाठी दिलेले आहेत.

संस्थेच्या माध्यमातून समूह विमा

एकट्यास न परवडणारा विमा संस्थेस परवडू शकतो. समूह पॉलिसीत हप्ता माणशी कमी पडतो, आणि वाटाघाटीने पूर्वीच्या आजारांची प्रतीक्षाही कमी करून घेता येते. तथापि केवळ विमा घेण्यासाठी समूह बनविता येत नाही. संस्था अन्य उद्देशाने स्थापन झालेली व प्रत्यक्ष कार्यरत असावी लागते. संगीत सभा, कीर्तन मंडळे व नाट्यसंस्था यांची दीर्घ परंपरा असलेल्या ग्वाल्हेरसारख्या नगरीत ही अट अवघड नाही. मात्र संस्थेने नूतनीकरण केले नाही तर सर्वांचे संरक्षण एकाच दिवशी संपते. म्हणून सभासदांनी स्वतःची लहानशी पॉलिसी चालू ठेवून समूह विमा हा जोड आधार मानावा.

दावा नाकारला गेल्यास

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळ येथे आहे. त्यासाठी फी लागत नाही, वकीलही लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. याकरिता बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवणे अगत्याचे आहे.

उपसंहार

सारांश, कलावंताने आपल्या परिस्थितीनुसार क्रम ठरवावा : आधी शासकीय योजनेतील पात्रता, मग प्रमाणित पॉलिसीच्या दरांची तुलना, त्यानंतर अटींचे वाचन आणि शेवटी संस्थेच्या समूह विम्याची जोड. गायक ज्याप्रमाणे मैफलीपूर्वी तानपुरा जुळवून घेतो, त्याप्रमाणे आजारापूर्वी विम्याची व्यवस्था जुळवून ठेवावी. तार मध्येच उतरली तर ती पुन्हा चढविता येते. परंतु रुग्णालयाच्या दारात उभे राहून विमा घेता येत नाही.