जनरल रजिस्टर आणि जावातील वेब-सेवा



ज्याने शाळेचे जनरल रजिस्टर नेटके ठेवले आहे, त्यास डेटाबेस म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. एका ओळीत एक विद्यार्थी आणि रकान्यांत त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक. एकदा दिलेला रजिस्टर क्रमांक आपण दुसऱ्या मुलास देत नाही. मात्र हा क्रमांक शाळेपुरताच असतो. म्हणून अनेक शाळांच्या सामाईक तक्त्यात ओळीची ओळख शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक व रजिस्टर क्रमांक मिळून ठरवावी.

रजिस्टर कपाटात असते आणि मुख्याध्यापक त्यातून मागेल तेवढी माहिती काढून देतात. वेब-सेवेचे कामही हेच. तक्त्यास परक्याचा हात लागू द्यावयाचा नाही. अशा सेवेची 'रेस्ट' ही पद्धती रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात मांडली. तीत प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःचा पत्ता असतो आणि क्रिया थोड्याच असतात : 'गेट'ने माहिती मागावी, 'पोस्ट'ने नवी नोंद करावी, 'पुट'ने असलेली बदलावी, 'डिलीट'ने काढावी.

जावामध्ये स्प्रिंग बूटच्या साह्याने तीन क्लास पुरतात. (या क्लासचा इयत्तेशी संबंध नाही.) पहिला रकाने सांगतो, दुसरा जेडीबीसीमार्फत तक्त्याशी बोलतो, तिसरा मागणी स्वीकारून उत्तर देतो. दुसरा लिहिताना फार जपावे. बाहेरून आलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात तसाच जोडू नये. वाक्यात प्रश्नचिन्ह ठेवून किंमत मागाहून भरावी. नाही तर नावाच्या रकान्यात कोणी आज्ञाच लिहून पाठवील आणि डेटाबेस ती पाळील.

आता खरी अडचण पाहू. ऊसतोडीसाठी आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. परतलेल्या मुलाची नोंद 'पोस्ट'ने केली, तर कागदावर दोन मुले होतात, आणि त्यांतील एक कायमचे गैरहजर राहते. रेंज गेली म्हणून बटन पुन्हा दाबले, तरी हाच घोटाळा. 'पुट' कितीदाही पाठविले तरी परिणाम एकच राहतो. म्हणून परतलेल्या मुलासाठी तेच वापरावे. शिवाय सरल प्रणालीतील विद्यार्थी क्रमांकाच्या रकान्यास 'पुनरावृत्ती नको' अशी अट तक्त्यातच घालावी. मग नवी नोंद झाल्यास सेवा २०१ हा क्रमांक देईल, आणि तेच मूल दुसऱ्यांदा आल्यास ४०९. ही अट केवळ प्रोग्रॅममध्ये ठेवून भागत नाही, कारण दोन मागण्या एकाच क्षणी येऊ शकतात.

राहिले 'डिलीट'. शाळा सोडल्याचा दाखला दिला म्हणून आपण रजिस्टरातील ओळ खोडत नाही. सोडल्याचा दिनांक लिहितो. तीस वर्षांनी तोच विद्यार्थी जन्मतारखेच्या उताऱ्यासाठी दारात उभा राहतो. सेवेतही 'पुट'ने तो दिनांक भरावा, आणि 'डिलीट'ची मागणी आल्यास ४०५ हा क्रमांक परत पाठवावा. ही क्रिया येथे मान्य नाही, असा त्याचा अर्थ आहे.